शंभरावं पाऊल

गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री नऊच्या सुमाराला गॅलरीतून चपलांचा एक ठरावीक आवाज सुरू व्हायचा. जेवणं झालेली असत, आई ओटा पुसत असे आणि दादा, म्हणजे माझे वडील, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकून बाहेर पडत. आमच्या उंबऱ्यापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सोळा पावलं, वळायला एक, परत यायला सोळा. एका फेरीची तेहतीस, तीन फेऱ्यांची नव्याण्णव. शंभरावं पाऊल ते उंबऱ्याच्या आत टाकत, तांब्यातलं घोटभर पाणी पीत आणि पुन्हा बाहेर. अशी पाच-सहा शतकं झाल्याशिवाय त्यांची पाठ अंथरुणाला लागत नसे. मधल्या खोलीतले मास्तर, कोपऱ्यातलं जोडपं, कुणी ना कुणी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवायचं. पाणी कधी आलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, गिरणीत काय चाललंय, सगळं त्या सोळा पावलांत बोलून व्हायचं.

याला व्यायाम म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. याला शतपावली म्हणत. दादा सकाळी चालत कापडबाजारातल्या पेढीवर जात, संध्याकाळी चालत परत येत, येताना भाजी आणत. घड्याळ लावून फिरायला गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते कधी बसून राहिलेलेही दिसले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या हातात रक्ततपासणीचा कागद आला. वय बावन्न. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीएवनसी, ६.१. डॉक्टर म्हणाल्या, “मधुमेह नाही अजून, पण दारापर्यंत आलाय. साडेसहाला टेकला की घरात आला. रोज चालत जा.” मी बूट आणले, पहाटे साडेपाचचा गजर लावला. पहिल्यांदा अकरा दिवस टिकलं, दुसऱ्यांदा आठ, तिसऱ्यांदा पाऊस आला. प्रत्येक वेळी वाटलं, माझ्यातच काही कमी आहे.

मग मी चालणाऱ्या माणसांकडे नीट पाहायला लागले. सहा महिने ठाण्यात, गिरगावात, सासरच्या गावी जे वर्षानुवर्षं चालत आहेत त्यांना विचारत राहिले, सोबत संशोधन वाचलं. एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. चालण्यासाठी वेगळा वेळ काढणाऱ्यांतले थोडे टिकले होते. ज्यांचं चालणं एखाद्या रोजच्या कामाला चिकटलेलं होतं, ते जवळजवळ सगळे टिकले होते. दादांचं शंभरावं पाऊल उंबऱ्याच्या आत का पडायचं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

डबल डेकरचा जिना

शरीराची हालचाल आणि हृदय यांचं नातं मोजून दाखवणारा गाजलेला अभ्यास झाला तो लंडनच्या बसमध्ये. दुसरं महायुद्ध संपलं होतं. धडधाकट दिसणारे पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने जात होते आणि कारण उमगत नव्हतं. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे ३१ हजार कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच पाळीत, साधारण सारख्याच घरांतून आलेले. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं फाडत दुमजली बसचा जिना चढ-उतर करायचा. दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या.

१९५३ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता, आणि झटका आला तरी जीव वाचण्याची शक्यता जास्त होती. टपाल खात्यातही तोच कल निघाला. पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखरूप होते.

मॉरिस इथे थांबले नाहीत, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. ड्रायव्हर मुळातच अंगाने भारी असतील तर? हे तपासायला त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं मागवली. १९५६ साली त्यांनी ती प्रसिद्धही केली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच कंडक्टरांपेक्षा जास्त होता. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. आपल्याच निष्कर्षाला असा आडवा प्रश्न विचारून ते पुढची कित्येक दशकं याच विषयावर काम करत राहिले आणि वयाच्या शंभरीला टेकून २००९ मध्ये गेले.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका राहतात. मुंबईत डबल डेकर १९३७ मध्ये आली. जुन्या लाल डबल डेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, त्या दिवशी काका मुद्दाम ती बघायला गेले होते. लंडनच्या अभ्यासाबद्दल सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “आमच्याकडे तसं नव्हतं, ताई. वरच्या मजल्याला एक कंडक्टर, खालच्याला एक. जिना तेवढा नसायचा. पण गर्दीतून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत किती खेपा व्हायच्या, त्याला गणती नाही.”

निवृत्तीनंतरची दोन वर्षं काकांनी खुर्ची धरली. गुडघे बोलायला लागले, वजन वाढलं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. घरातली कामं सुटी केली. सकाळी दूध एका खेपेत, पेपर दुसऱ्या खेपेत, दहा वाजता भाजी, संध्याकाळी नातवाचं खाऊचं दुकान. सूनबाई म्हणते, “बाबा, सगळं एकदमच आणा ना.” काका ऐकत नाहीत. “एकदम आणलं तर मी दिवसभर काय करू? अन् दर वेळी जिन्यानेच. लिफ्ट सामानाला, मला नाही.” पिशवी हातात घेतलेला हा माणूस दिवसातून चार वेळा मला दिसतो. फिरायला निघालोय असं ते कधीच म्हणत नाहीत.

दहा हजारांचा आकडा

मोबाइलमध्ये किंवा मनगटावरच्या पट्ट्यात दहा हजार पावलं पुरी झाली की पडदा उजळतो. साडेसहा हजारांवर दिवस संपला तर माणसाला अपुरं वाटतं. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. यामासा नावाच्या कंपनीने १९६५ मध्ये कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र. नाव तोंडात बसलं आणि जगभर पसरलं. मोजून पाहिलं गेलं ते पुष्कळ नंतर.

हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्कर अमेरिकन स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. सर्वांत कमी चालणाऱ्या बायका दिवसाला साधारण २,७०० पावलं टाकत होत्या. त्यांच्या तुलनेत साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला आणि ७,५०० च्या आसपास स्थिरावला. २०२५ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून आलेल्या निष्कर्षातही रोज २,००० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ७,००० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसलं.

आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे या आकड्यांत कारण आणि परिणाम थोडे मिसळलेले असतात. संशोधक तो गुंता शक्य तेवढा सोडवतात, पूर्ण सुटत नाही. तरी सगळ्या अभ्यासांमधून एक गोष्ट सारखी दिसते. सगळ्यात मोठा लाभ सगळ्यात कमी चालणाऱ्याला होतो. नऊ हजारांवरून दहा हजारांवर जाणाऱ्यापेक्षा दोन हजारांवरून चार हजारांवर जाणाऱ्याच्या पदरात जास्त पडतं. आणि दोन हजार पावलं म्हणजे किती? मिनिटाला शंभर पावलं हा बऱ्यापैकी चालण्याचा वेग धरला, तर वीस मिनिटं. तीही सलग नकोत.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पहाटे उठता न येणं हा माझा पराभव नव्हता. घरापासून ठाणे स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि मी वीस वर्षं शेअर रिक्षाच्या रांगेत सात-आठ मिनिटं उभी राहत होते. मी रांग सोडली. जाताना पंधरा, येताना पंधरा. तीन हजार पावलं, आणि वेळ फारसा जास्त गेला नाही.

सडपातळ अंगातली साखर

“मी कुठे जाड आहे?” हा प्रश्न आपल्याकडे फार घात करतो. त्याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, एक ते स्वतः आणि दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता, आतली गोष्ट निराळी होती. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी आपली ठेवण. आईच्या पोटातल्या पोषणापासून तिची सुरुवात होते, हे याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या मातांच्या आणि बाळांच्या दीर्घ अभ्यासातून मांडलं.

२०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. मधुमेह असलेले १० कोटी १० लाख, आणि माझ्यासारखे उंबऱ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख.

शतपावली इथे कामाला येते. जेवल्यावर रक्तातली साखर चढते आणि साधारण तासाभरात शिगेला पोहोचते. ती पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं आणि उंबऱ्यावरच्या माणसात हे इन्सुलिन नीट काम करत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागले, की साखर आत घेणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू शरीरातले मोठे स्नायू. ते चालू लागले की साखर ओढून घेतात. जेवल्याबरोबर माणूस सोफ्यावर बसला तर ही वाट बंद राहते.

अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ मध्ये दहा वृद्धांवर एक छोटा प्रयोग केला. एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं चालायला लावलं, एकदा तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं. दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम सारखाच चांगला झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. माणसं दहाच होती, तरी नंतरच्या अभ्यासांनीही हीच दिशा दाखवली. जेवणानंतर दोन ते पाच मिनिटं पाय मोकळे केले तरी बसून राहण्यापेक्षा फरक पडतो. दादांची पाच-सहा शतकं साधारण तेवढीच भरत.

बांधापर्यंत गाडी

गावाकडे माणसं चालतात, हा शहरातल्या आपल्या सगळ्यांचा समज. माझं सासर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा मळा घरापासून दीड-दोन किलोमीटर. सकाळी जाणं, दुपारी भाकरी घेऊन जाणं, संध्याकाळी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येणं. यंदा दिवाळीआधी गेले तेव्हा दीर अंगणात मोटारसायकल सुरू करत होते. मी म्हटलं, “भाऊजी, मळ्यातच ना? चला, चालत जाऊ.” ते हसले. “वहिनी, आता चालतंय कोण? गाडी थेट बांधाला लागती.”

मी त्यांच्यामागे बसून गेले. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने. अंगमेहनत कमी झाली याचा मला मनापासून आनंद आहे. सासूबाईंच्या मानेवर भाऱ्यांनी पडलेला घट्टा मी पाहिलेला आहे, तो कुणाच्याच नशिबी येऊ नये. पण भात तेवढाच राहिला, चहातली साखर वाढली आणि पावलं गेली. तालुक्याच्या डॉक्टरांकडे साखरेसाठी जाणाऱ्यांत आता दिरांच्या वयाची बरीच माणसं आहेत. दीर त्यातलेच एक.

दुपारी आम्ही ओट्यावर बसलो. मी म्हटलं, जाताना गाडी न्या, औजारं-डबा असतो. पण दुपारची एक खेप तरी पायी करा. ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने जाऊबाईंचा फोन आला, “जेवण झालं की देवळापर्यंत जाऊन येतात आता. गाडीची चावी मी खुंटीवरनं काढून ठेवती.” माझ्या बोलण्यापेक्षा ही खुंटी जास्त उपयोगी पडली.

‘मी चालतेच की दिवसभर’

बायकांना चालण्याबद्दल विचारलं की हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नाही. ओटा, फ्रिज, देवघर, गच्ची, मुलाची शाळा. घरातली पावलंही पावलंच. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी आहे, आणि हे प्रमाण पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हा फरक आळसाचा नाही. आपल्या गल्लीत संध्याकाळी आठनंतर कोण मोकळं फिरताना दिसतं, हे एकदा मोजून बघा.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हे नेमकं मांडलं. बाई घराबाहेर दिसली तर तिच्याकडे काहीतरी काम असावं लागतं. हातात पिशवी, मुलाचं बोट, कानाला फोन. नुसतंच चालणाऱ्या बाईला रस्ता प्रश्न विचारतो.

आमच्या इमारतीतल्या पाच जणींनी यावर उपाय काढला. भांडी आटपली की रात्री नऊला खाली जमायचं आणि तलावपाळीपर्यंत जाऊन एक फेरी मारून यायचं. एकटीला ज्या वाटेवर नको वाटायचं, तिथे पाच जणी मोकळेपणाने बोलत जातात. मी सहावी. गंमत म्हणजे, या एका फेरीने बाकीचा दिवसही हलवला. नऊला निघायचं म्हणून जेवण आठला होऊ लागलं. आठला जेवायचं म्हणून सातचा फरसाणाचा बाऊल सुटला. दमून आल्यामुळे झोप लवकर लागू लागली. चार सवयी वेगवेगळ्या लावायला गेले असते, तर एकही टिकली नसती.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी सकाळी सहाला घर सोडतात, सात घरांची धुणी-भांडी करतात, जिने चढतात, चालत परत जातात. त्यांना कुणी ‘चालत जा’ म्हणणं हा अन्याय आहे. त्यांना हवी ती सुट्टी, बसायला स्टूल, वेळेवर जेवण आणि दुखणाऱ्या टाचांसाठी बरी चप्पल. आरोग्याचा सल्ला देताना समोरचा किती चालून आलाय, हे आधी विचारायला हवं.

पदपथावर मोजपट्टी

सवय माणसाची असते, रस्ता मात्र सगळ्यांचा असतो. एका संध्याकाळी मी मोजपट्टी घेऊन एका गजबजलेल्या रस्त्याच्या पदपथावर उभी राहिले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं सांगितलेलं आहे. म्हणजे दोन माणसं शेजारून जातील एवढी जागा आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघा न धरता चढता येईल एवढी पायरी.

मी मोजलेला पदपथ सुरुवातीला रुंद होता. मग विजेची पेटी आली, पुढे दुकानाच्या पायऱ्या, मग तिरक्या लावलेल्या स्कूटर, एक उखडलेली फरशी आणि तिच्याखालचं गटार. उंची एके ठिकाणी एक फूट भरली. दोनशे पावलांत मी नऊ वेळा खाली वाहनांत उतरले. माझ्यासमोर एक आजी काठी टेकत सरळ रस्त्याच्या कडेनेच चालत होत्या. त्यांनी पदपथाकडे बघितलंही नाही. त्यांच्या हिशेबातून तो केव्हाच गेलेला होता.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मेले. दिवसाला सरासरी नव्वद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अडथळ्यांशिवाय पदपथावरून चालता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निर्वाळा महत्त्वाचा आहे. तो प्रत्येक गल्लीत उतरवावा लागेल.

आणि ते अशक्य नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले. तिथे बसायला जागा आल्या आणि संध्याकाळी मुलांना घेऊन माणसं नुसती चालायला येऊ लागली. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात वाहनं बंद असतात. खरेदीच्या त्या रस्त्यावर हॉर्नशिवाय माणसांचा आवाज ऐकू येतो. वर्षातला तो एक दिवस बाकीच्या दिवसांना काय जमू शकतं, ते दाखवतो. नगरसेवक मत मागायला दारात येतो तेव्हा पाणी-कचऱ्याबरोबर आपण पदपथही मागितला पाहिजे.

कामाला बांधलेली पावलं

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींवर लक्ष ठेवलं. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरावीक क्षणाशी जोडायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला अठरा दिवस पुरले, कुणाला अडीचशेहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. माझे अकरा दिवस म्हणजे अपयश नव्हतं, मी पेरल्यावर दहा दिवसांत पीक मागत होते.

ज्यांचं चालणं टिकलं, त्यांच्या युक्त्या मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. बँकेत काम करणारी एक मैत्रीण बसचा आधीचा थांबा पकडते, कारण तिथे बसायला जागाही मिळते. एक शिक्षक फोन आला की उभे राहतात आणि बोलणं संपेपर्यंत बसत नाहीत. एका ऑफिसात पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता प्रत्येकाने पाण्याच्या यंत्रापर्यंत उठून जायचं ठरवलं आहे. एक आजोबा देवपूजेची फुलं स्वतः तोडायला जातात, मोगऱ्याच्या दिवसांत जरा लांबून. कंडक्टर काकांच्या सुट्या खेपा तर आहेतच. यात कुणीही दिवसाला नवा तास जोडलेला नाही.

सोबत असली तर आणखी बरं. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर सत्तरी उलटलेली माणसं चालतात, ती विठ्ठलाच्या ओढीने. पण दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, पुढे-मागे ओळखीचं माणूस असतं आणि एक जण दिसेनासा झाला तर दहा जण चौकशी करतात, हाही त्या चालण्याचा आधार आहे. आमच्या पाच-सहा जणींच्या दिंडीतही एखादी आली नाही, तर खालून हाक जाते.

वेग किती ठेवावा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल सांगते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळपाय बघावेत. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, वेगळीच धाप असं काही झालं तर तिथेच थांबावं आणि डॉक्टर गाठावा. गुडघे दुखत असतील तर सपाट जमीन, मऊ तळाचे बूट आणि थोडी थोडी अंतरं. दहा मिनिटांचा एक तुकडाही चालतो.

सहा महिन्यांनी मी पुन्हा रक्त तपासलं. आकडा ५.८ आला. एका बाईचा कागद म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “सोडू नका.”

पाच पावलांचा पॅसेज

चाळ पडून आता तिथे टॉवर उभा राहतोय. दादा गेले त्याला नऊ वर्षं झाली. आई ठाण्याला माझ्याकडे असते. तिचं वय एक्याऐंशी, डावा गुडघा साथ देत नाही, त्यामुळे आमच्याबरोबर तलावपाळीला येत नाही. रात्री मी निघते तेव्हा ती म्हणते, “जा तू. मी माझं बघते.”

परवा पावसामुळे आम्ही लवकर परतलो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि समोर आई दिसली. एका हाताने भिंत धरून ती पॅसेजमध्ये चालत होती. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत तिची पाच पावलं, वळायला एक, परत पाच. समोरच्या घरातल्या आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी लिफ्टपाशीच थांबले आणि नकळत मोजू लागले. फेरीची अकरा. बावीस. तेहतीस.

माझ्याकडे बघून आई म्हणाली, “थांब, मोडता घालू नकोस. ही सहावी.”

नवव्या फेरीला ती आमच्या दाराशी आली, चौकट धरली आणि पुढचं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. मग टेबलावरच्या तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन, पदर सारखा करून, पुन्हा बाहेर आली. समोरच्या आजींनी खुर्ची भिंतीला सरकवली आणि त्याही उठल्या.